डिस्प्ले येत नाही

घरातला जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही, हे कळायलासुद्धा काहीतरी निमित्त लागतं. रोजची कामं मोबाइलवर गेलेली असतात, मुलांचे लॅपटॉप वेगळे असतात, आणि कोपऱ्यातल्या त्या टेबलावर आता इस्त्रीचे कपडे आणि औषधांचा डबा असतो. मग एखाद्या दिवशी कुणाला तरी जुन्या खरेदीखताची स्कॅन प्रत हवी असते, नाहीतर २००६ सालच्या मुंजीचे फोटो. प्लास्टिकचं कव्हर निघतं, बटण दाबलं जातं आणि काहीच होत नाही. किंवा आणखी बुचकळ्यात टाकणारा प्रकार होतो: पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. मग हार्डवेअरवाल्याला फोन जातो आणि घरोघरी ठरलेलं वाक्य सांगितलं जातं, "डिस्प्ले येत नाहीये हो."

या वाक्यातून मशीनला काय झालंय याचा पत्ता लागत नाही. भिंतीतल्या सॉकेटपासून मॉनिटरच्या केबलपर्यंत वाटेत कुठेही काही बिघडलं, तरी घरच्या माणसाला दिसतं ते एवढंच. आणि एवढ्यावरूनच निकाल लागतो: कॉम्प्युटर गेला, भंगारात द्या. मला या घाईचं फार वाईट वाटतं. नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, मित्रांच्या वडिलांची जी जुनी मशीन्स मी आजवर उघडली, त्यांतल्या बहुतेकांत एकच काहीतरी बिघडलेलं होतं, आणि ते क्वचितच महागाचं होतं. बाकी सगळं जागच्या जागी, धडधाकट.

चिपळूणजवळ आमच्या गावी माझ्या थोरल्या चुलत्यांकडे, अप्पांकडे, असंच एक मशीन आहे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून त्यांनी ते घेतलं. पेन्टियम फोर, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. असेम्बल केलेलं, सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेले. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव असलेल्या त्या रस्त्यावर, नाहीतर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हिंडून कितीतरी मराठी घरांनी त्या काळी आपला पहिला कॉम्प्युटर असा तुकड्यातुकड्यांनी जमवला. अप्पांच्या कॅबिनेटवर दर दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाची बोटं अजून आहेत, थरावर थर.

अप्पांनी त्यावर सिनेमा पाहिला नाही की पत्त्यांचा डाव मांडला नाही. त्यांनी आजीच्या ओव्या टाइप केल्या. आजी जात्यावर, आणि जातं बंद पडल्यावर तांदूळ निवडताना, ज्या ओव्या म्हणायची त्या त्यांनी वहीत उतरवून घेतल्या होत्या. वहीला वाळवी लागली तेव्हा उरलेली पानं समोर ठेवून, राहिलेलं आठवून आठवून त्यांनी त्या मशीनवर चढवल्या. शिवाय भाताच्या जुन्या वाणांची नावं, नमनातली गाणी, कुठल्या वाडीत कुठली विहीर कुणी खणली याच्या हकिकती. वही गेली; मशीन तेवढं राहिलं.

"अरे, तो काय सुरूच होत नाही बघ," अप्पांचा फोन आला. "बाजारातला मुलगा येऊन बघून गेला. म्हणतो, मदरबोर्ड उडालाय, नवीनच घ्या काका."

"अप्पा, तुम्ही तो कुणाला देऊ नका. मी येतो," मी म्हटलं.

शेतावरचा पंप चालू झाला नाही म्हणून कुणी लगेच मोटार विहिरीतून वर काढत नाही. आधी फेज आहेत का ते बघतात, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार उपसायची पाळी सगळ्यात शेवटी. कॉम्प्युटरलाही हाच क्रम लागू आहे, पण तिथे लोक पहिल्या पायरीलाच मोटार वर काढतात. भिंतीपासून सुरुवात करायची आणि एकेक पाऊल आत जायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर आनंद होतो, पण बिघाड कशात होता हे कायमचं अंधारात राहतं. पुन्हा बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून.

भिंतीतल्या सॉकेटला टेबललॅम्प लावून बघावा. मग यूपीएस. भारनियमनाच्या दिवसांत घरोघरी आलेल्या त्या खोक्याच्या पोटात १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते आणि ती तीन-चार वर्षांत थकते. ती पार झोपली की काही यूपीएस भिंतीतली वीजसुद्धा पुढे जाऊ देत नाहीत, आणि बोल मात्र कॉम्प्युटरला लागतो. म्हणून यूपीएस मधून काढून मशीन सरळ भिंतीला लावून बघायचं. अप्पांचा यूपीएस केव्हाच माळ्यावर गेला होता, तेव्हा तो प्रश्न नव्हता. पण मी कॅबिनेट सरकवायला हात लावला आणि बोटांना झिणझिण्या आल्या.

"ते होतंच," अप्पा शांतपणे म्हणाले. "पहिल्यापासून आहे."

हे 'पहिल्यापासून' आपल्याकडे असंख्य घरांत आहे. कारण साधं आहे. वीजपुरवठ्याच्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये, वीज आत शिरते तिथेच दोन छोटे कॅपॅसिटर असतात; एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. त्यांतून होणारी किंचित गळती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी, अशी योजना असते. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मा, ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे माणसाला फक्त झिणझिण्या येतात. पण चालू मशीनला मॉनिटरची किंवा प्रिंटरची केबल जोडताना तोच दाब नाजूक चिपमधून वाट काढू शकतो. अप्पांच्या घरात तीन पिनांचे सॉकेट होते, तिसऱ्या भोकामागे तार नव्हती. वायरमनला बोलावून परसात खड्डा घेतला, पत्रा पुरला, मीठ-कोळसा घातला, तार आत आणली. ज्यांच्या घरी कॅबिनेटला हात लावल्यावर असं होतं, त्यांनी हे काम आधी करावं. कॉम्प्युटर सुरू होवो न होवो.

एसएमपीएस ही पेटी स्वतः उघडू नये, हेही इथेच सांगतो. ती भिंतीतली वीज सरळ करून आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठवते आणि त्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट काढून मदरबोर्डला देते. प्लग काढल्यावरही तिच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तो दाब काही काळ टिकतो. तिची परीक्षा बाहेरूनच घ्यायची असते. मदरबोर्डचा रुंद कनेक्टर सोडवून त्यातली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला वायरच्या तुकड्याने जोडली की पंखा फिरला पाहिजे. पंखा फिरला एवढ्यावर समाधान मानू नये. मल्टीमीटरने पिवळ्या तारेवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळतात का ते बघावं. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. यांत एक राखाडी तारही असते, आणि मला तिचं काम फार आवडतं. सगळे दाब स्थिरावले की एसएमपीएस त्या तारेवरून तसं मदरबोर्डला कळवते, आणि तोवर प्रोसेसर अडवून धरलेला असतो. सेकंदाच्याही अंशात होणारी ही गोष्ट आहे, पण तो निरोप आला नाही तर पुढचं काहीच घडत नाही.

समोरच्या बटणाबद्दलही लोकांचा एक समज आहे की ते वीज चालू-बंद करतं. फार जुन्या मशीनमध्ये तसं होतंही. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली तेव्हापासून ते बटण फक्त 'चालू हो' अशी सूचना देतं. प्लग लावलेला आणि मागचा खटका चालू असेल तर मशीन बंद दिसत असतानाही जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट हजर असतात. म्हणून आत हात घालण्याआधी प्लग काढायचा आणि मग बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज संपवायची. आणि बटणच खराब झालं असेल तर? बोर्डावर ज्या दोन पिनांना त्याच्या तारा लावलेल्या असतात, त्याच दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवल्या की मशीन चालू होतं. तसं झालं तर शेजारच्या रीसेटच्या बटणाची तार काढून पॉवरच्या पिनांना लावावी. काम फत्ते, खर्च शून्य.

अप्पांच्या मशीनला वीज नीट मिळत होती. पंखा फिरत होता, पडदा काळा होता. मॉनिटर दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिला, तो चांगला होता. तेव्हा बिघाड या दोघांच्या मधे.

कॅबिनेटचं झाकण काढलं. वीस वर्षांच्या घराची धूळ आत होती: तांबड्या मातीची, उदबत्तीच्या राखेची, कापसाच्या तंतूंची. प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीट सिंकच्या पात्यांमध्ये, तिचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला. तळाशी पालीच्या लेंड्या आणि तिच्या अंड्यांची दोन पांढरी टरफलं. उबदार, अंधारी, निवांत जागा म्हणून पाली कॅबिनेटमध्ये राहायला येतात. एखादी एसएमपीएसमध्ये शिरली तर तीही जाते आणि मशीनही. रंगकामाच्या मऊ ब्रशने धूळ सोडवली, हवेने बाहेर काढली. पंखा फुंकताना त्याची पाती बोटाने धरून ठेवली, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. अप्पा अंगणात उभे राहून हे सगळं बघत होते, आणि मधूनच "हळू रे" म्हणत होते.

आता खरी चौकशी. मशीन सुरू होताना बोलतं, हे पुष्कळांना ठाऊक असतं; 'टिक' असा एक छोटा आवाज यायचा आणि मग पडदा उजळायचा, हे जुन्या वापरणाऱ्यांच्या कानात असतं. तो आवाज म्हणजे मशीनने स्वतःची तपासणी पूर्ण केल्याची पावती. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून ही पद्धत चालत आली आहे. राखाडी तारेचा निरोप मिळाला की प्रोसेसर जागा होतो, पण त्याला काहीच आठवत नसतं. त्याला फक्त एक पत्ता माहीत असतो. पेन्टियमच्या घराण्यात तो पत्ता ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे असतो. १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरमध्ये तो १ एमबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे होता. हद्द वाढली, खोड तीच राहिली. त्या पत्त्यावर त्याला बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचा, पहिला आदेश सापडतो, आणि त्या आदेशाचा हात धरून तो एकेकाची हजेरी घेऊ लागतो: मी ठीक आहे का, रॅम आहे का, पडद्याची सोय आहे का, कीबोर्ड आहे का. पडदा सापडण्याआधीच काही अडलं तर ते दाखवणार कशावर? म्हणून बीप. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार; थांबून थांबून लांब बीप येत राहिले तर रॅमची.

अप्पांचं मशीन मुकं होतं. नीट पाहिलं तर त्या कॅबिनेटला स्पीकरच नव्हता. असेम्बल केलेल्या स्वस्त कॅबिनेटांत तो पुष्कळदा नसतो. बोर्डावर चार पिना उघड्याच राहतात. म्हणजे मशीन इतके दिवस ओरडत असेल तरी ते ऐकू येण्याची सोयच नव्हती. चिपळूणच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नखाएवढा बझर आणला आणि त्या पिनांवर बसवला. माझ्या मते जुना कॉम्प्युटर दुरुस्त करू पाहणाऱ्याच्या खिशात दुसरं काही नसलं तरी हा बझर असावा.

मग मशीनशी सगळ्यात निकडीचा प्रश्नोत्तराचा प्रयोग केला. सगळं काढून टाकलं. हार्ड डिस्कची चपटी केबल, सीडी ड्राइव्ह, मॉडेमचं कार्ड, आणि शेवटी रॅमसुद्धा. राहिले फक्त बोर्ड, प्रोसेसर, पंखा, वीज आणि बझर. रॅमशिवाय मशीन चालू होऊच शकत नाही, हे उघड आहे. पण प्रोसेसर जिवंत असेल, बायोस शाबूत असेल, बोर्डावरचे रस्ते चालू असतील, तर रॅम नाही म्हणून ते तक्रार करणारच. गप्प राहिलं तर बाजारातल्या मुलाचं म्हणणं खरं.

बटण दाबलं. लांब बीप आला. थोडं थांबून दुसरा, मग तिसरा.

"काय झालं? बिघडलं?" अप्पांनी विचारलं.

"नाही अप्पा. तुमचा मदरबोर्ड चांगला आहे."

काढलेली रॅमची पट्टी उजेडात धरली. तिच्या खालच्या काठावर सोनेरी दातांची रांग असते. त्या दातांवर काळपट, तेलकट झाक होती. कोकणातला पावसाळा, परसातला चुलीचा धूर, वर्षानुवर्षांचा मुक्काम. पातळसा थर धरायला एवढं पुष्कळ होतं, आणि वीज अडायला तेवढा थर पुष्कळ असतो. शाळकरी पोरांचं साधं पांढरं खोडरबर घेतलं, पट्टी टेबलावर सपाट धरली आणि दातांच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासलं. आडवं घासलं तर रबराचा चुरा दोन दातांमध्ये अडकतो. घासताना दात खालून उजळत येतात ते डोळ्यांना दिसतं. दोन्ही बाजू झाल्या, चुरा ब्रशने झटकला, बोर्डावरची खाचही कोरड्या ब्रशने साफ केली. पट्टीच्या काठावरची खोबण खाचेतल्या उंचवट्याशी जुळवली आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला. दोन्हीकडच्या पांढऱ्या कड्या 'कट्' करून आपापल्या जागी बसल्या. एकच कडी बसली तर पट्टी तिरपी असते, आणि तशी चालू केली तर जळू शकते. म्हणून दोन्ही आवाज ऐकायचे.

बटण. एक आखूड बीप. पडद्यावर पांढरी अक्षरं.

गावातला तो मुलगा खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्याला दिवसाला अनेक घरं करायची असतात, जुन्या मशीनच्या दुरुस्तीचे पैसे द्यायला कुणी राजी नसतं, आणि नवीन विकलं तर चार पैसे सुटतात. सबंध बाजारच अशा रीतीने बांधलेला आहे की नीट तपासणं हा तोट्याचा धंदा ठरतो. याचं मला तळमळून वाईट वाटतं. रॅमचे दात घासणाऱ्या माणसाला त्याच्या अर्ध्या तासाचं मोल मिळालं पाहिजे.

पांढऱ्या अक्षरांत तक्रार होती: सीमॉसमधल्या नोंदी जुळत नाहीत, पुढे जायला एफ१ दाबा. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. हे बॅटरीचं. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी चपटी बॅटरी असते. तिच्यावर सीआर२०३२ असं कोरलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. ३ व्होल्टची ही बॅटरी प्लग काढलेला असतानाही मशीनचं घड्याळ चालू ठेवते. आत एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो; ती संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि तो एक सेकंद. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही हाच स्फटिक. बॅटरी संपली की घड्याळ थांबतं, आणि कुठली डिस्क कशी जोडली आहे याच्या नोंदीही पुसल्या जातात. काही बोर्ड तर तिच्यावाचून सुरू व्हायलाच नकार देतात. नवीन बॅटरी किराणा दुकानातही मिळते. ती घालून तारीख लावली.

बोर्ड उघडाच होता म्हणून कॅपॅसिटरांवरून नजर फिरवली. प्रोसेसरच्या भोवती उभ्या असलेल्या त्या डब्यांच्या माथ्यावर फुलीसारखी चीर पाडलेली असते. माथा सपाट असला पाहिजे. फुगलेला दिसला किंवा चिरेतून तपकिरी चिकट काही बाहेर आलं असेल, तर तो डबा संपला. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या कितीतरी बोर्डांत हा रोग निघाला; आतलं इलेक्ट्रोलाइट सदोष होतं, त्यातलं पाणी ॲल्युमिनियमशी झगडायचं आणि हायड्रोजन वायू साठून माथा फुगायचा. एरवीही हे डबे उष्णतेला भितात: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. जुनं मशीन बटण पाचसहा वेळा दाबल्यावर सुरू होत असेल, किंवा गार असताना अडून जरा तापल्यावर चालत असेल, तर संशय यांच्यावर. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणी जुना कारागीर गाठला तर तो हे डबे बदलून देतो. क्षमता तीच हवी, व्होल्ट तेवढे किंवा जास्त हवेत, आणि १०५ अंशांचे हवेत. अप्पांच्या बोर्डावर सगळे माथे सपाट होते.

डिस्क जोडली, मशीन चालू केलं. पुन्हा काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: सिस्टिम नसलेली डिस्क आहे. अप्पांचा चेहरा उतरला. मागच्या बाजूला हात घालून पाहिलं, तर एक पेनड्राइव्ह तिथे अडकवलेला होता. नातीने गाण्यांसाठी लावला होता आणि विसरली होती. मशीन त्यावरूनच सुरू व्हायला बघत होतं. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सुरुवातीचा आदेश असतो, आणि त्या तुकड्याचे शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए असतील तरच बायोस त्याला खरा मानतं. या दोन बाइटांची मोहोर असते पण पुढे विंडोज नसतं, असे पेनड्राइव्ह भरपूर. तो उपटला, आणि एक्सपीचं हिरवं कुरण पडद्यावर आलं.

इथे कुणीही 'झालं' म्हणेल. पण अप्पांच्या मशीनचं खरं अडलेलं कोडं अजून पुढेच होतं.

एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर कंपनीचा आधार नाही, तेव्हा त्या मशीनला इंटरनेट जोडायचं नाही हे नक्की होतं. मी सगळ्या फाइली उतरवून घेतल्या आणि माझ्या लॅपटॉपवर ओव्यांची फाइल उघडली. पडद्यावर युरोपीय अक्षरं आली. डोक्यावर टिंबं आणि छपरं असलेली, मधे पौंडाचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह. पानंच्या पानं. अप्पांच्या पडद्यावर मात्र तीच फाइल स्वच्छ मराठीत.

युनिकोडमध्ये, म्हणजे निरनिराळ्या लिप्यांतल्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोज २००० पासून ती मशीनवर दिसूही लागली. एक्सपीत ती चालू करायला सेटिंगमध्ये खूण करून मूळ सीडी घालावी लागे, आणि हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे मराठी घरं, छापखाने, साप्ताहिकं यांनी आपापली वाट शोधली. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा पॅकेजेसवर आपली एक अख्खी पिढी टाइप करत होती. काहींना मशीनच्या मागे लावायचा लॉकही असे. त्या काळात या मंडळींनी मराठी पडद्यावर आणली, हे उपकार मोठे आहेत. पण त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी-युरोपीय अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: कुठे काना, कुठे अर्धा स, कुठे रफार. फाइलमध्ये मराठी नसते. फाइलमध्ये त्या परक्या अक्षरांची रांग असते, आणि तिच्यातून मराठी दिसते ती फक्त तो फॉन्ट असेल तर.

म्हणून मदरबोर्ड खरंच गेला असता आणि डिस्क मात्र वाचली असती, तरी फॉन्ट सोडून नुसत्या फाइली उतरवल्या असत्या तर अप्पांच्या ओव्या बंदच राहिल्या असत्या.

फॉन्टची फाइल आधी उतरवून घेतली. मग रूपांतर. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आज मिळतात, पण त्यांच्या भरवशावर सोडून चालत नाही, कारण या दोन जगांतला क्रमच वेगळा आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण उच्चारात ती नंतर येते. रफाराचं उलट: जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये त्याचा र अक्षराच्या आधी. साधन जोडाक्षरापाशी चुकलं की वेलांटी शेजाऱ्याकडे जाते आणि रफार भलत्याच डोक्यावर बसतो. आणि ओव्यांतली भाषा शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाच्या ओळखीची नसते. आजीचा शब्द त्याला चूक वाटतो.

म्हणून अप्पा जुन्या मशीनसमोर बसून मोठ्याने वाचू लागले आणि मी नव्यावर दुरुस्त करत गेलो. मधे एके ठिकाणी ते थांबले आणि म्हणाले, "इथे आई 'ळ' नव्हती म्हणत, 'ल' म्हणायची. मीच तेव्हा मास्तर होऊन ळ केला. आता ल कर." तो 'ल' कुठल्याच डिस्कवर नव्हता.

आज विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. काढून घासायला पट्टीच नसते. अप्पांच्या पिढीची मशीन्स मात्र एका स्टार स्क्रू ड्रायव्हरने उघडतात, एकेक अवयव वेगळा होतो, आणि कशाला काय झालंय ते सांगायला ती तयार असतात. ही सोय असेपर्यंत तिचा उपयोग करून घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे. तुमच्याही घरी कुणी आत्मचरित्र टाइप केलं असेल, कुलवृत्तांत जुळवला असेल, मंडळाची स्मरणिका बसवली असेल. मशीन सुरू झालं नाही तर ते तसंच उचलून भंगारात देऊ नका. आधी रॅमचे दात घासून बघा. ते जमलं नाही तरी डिस्क काढून घ्या. जुन्या केबलची असो की नव्या, तिला यूएसबीतून वाचणारे जोडणीचे संच बाजारात मिळतात. डिस्क खडखड असा ठरावीक ठोका देत असेल तर ती पुनःपुन्हा चालू करू नका, माहीतगाराकडे द्या. प्रत्येक खेपेला आतला पृष्ठभाग आणखी खरवडला जाऊ शकतो. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडेच जाऊ दे, कारण भंगारात केबली जाळून तांबं काढणाऱ्या माणसाच्या छातीत तो धूर जातो.

आणि मराठी फाइली उतरवून घेताना फॉन्ट विसरू नका. तो 'सी' ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमधल्या फॉन्ट्स या फोल्डरात असतो, आणि एका जुन्या फ्लॉपीवर मावेल इतका लहान असतो.